स्टेशनवाल्याचं खातं

मी सोलुशन विकत होतो. सायकलच्या ट्यूबला पॅच चिकटवायला लागतं ते. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते लपवून बाकीचं सांगितलं तर मी उगाच चांगला माणूस वाटेन.

दुकान बनोशात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वडिलांनी थाटलेलं. स्पोक, छर्रे, ग्रीस, खिळे, सुतळी, थोडा ऑइलपेंट आणि थिनर. दर्यापूर आणि बनोसा आता एकच गाव झालंय, पण रेल्वेच्या लेखी नाव बनोसाच. मूर्तिजापूर ते अचलपूर जाणारी नॅरोगेज गाडी, आमची शकुंतला, तेव्हा चालू होती. ती इतकी सावकाश जायची की चालत्या गाडीतून उतरलेला माणूस पुन्हा तीच गाडी पकडायचा. मूर्तिजापूरला भुसावळ-नागपूरची मोठी लाइन लागते. घरातून निघालेली, हाकललेली, चुकलेली पोरं त्या लाइनवर असायचीच. त्यातली काही शकुंतलेत चढून आमच्याकडे यायची. मोठ्या स्टेशनावर मोठी पोरं मारतात, पैसे काढून घेतात. आमच्याकडे निजायला मोकळा फलाट होता.

हे पोट्टे दिवसा भंगार आणि प्लास्टिक वेचत, जिनिंगच्या फाटकाबाहेर सांडलेला कापूस गोळा करत, चहाच्या टपरीवर ग्लास विसळत. दिवेलागणीला माझ्या दुकानी येत. पॅच मागत नसत, घासायला कानस मागत नसत. सायकल तर एकाकडेही नव्हती. नुसतं सोलुशन मागायचे. धंद्यातल्या माणसाला यातलं काय कळत नाही? पोरं ते हुंगतात, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तीन रुपयांची ट्यूब मी त्यांना पाचाला द्यायचो, कारण ते घासाघीस करत नसत. गल्ल्यामागच्या भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो होता. रोज सकाळी मी त्याला उदबत्ती लावायचो आणि संध्याकाळी त्याच्याच खाली बसून हा व्यवहार करायचो.

मनाची समजूत घालायला माझ्याकडे एक वाक्य होतं. मी नाही दिलं तर दुसरा देईल. ते खरंही होतं. पंक्चरचं सोलुशन ना दारूत मोडतं, ना अंमली पदार्थांच्या यादीत. पोलीस, तहसील, कोणी मला विचारायला आलं नसतं. आणि विचारलं असतं तर मी बिलाची पावती दाखवली असती.

ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव लिहीत नाही. तो कुठे असेल तर आता मोठा माणूस असेल, आणि ही गोष्ट सांगायची की नाही हे ठरवायचा हक्क त्याचा आहे. माझ्या खतावणीत तो 'स्टेशनवाला' या नावाने आहे. तेच इथे चालवतो.

२००४ चा हिवाळा. दुकानाच्या ओट्यावर ही पोरं रात्री निजत आणि सकाळी पन्न्या, चिंध्या टाकून जात. त्या दिवशी मी लवकर आलो. ओट्यावर तिघं होते, आणि सोलुशनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास. गिऱ्हाइकं यायची वेळ झालेली. मी आत जाऊन दांडकं आणलं आणि ओरडत त्यांच्या अंगावर धावलो. दोघं पळाले. स्टेशनवाला सगळ्यात लहान, बारा-तेरा वर्षांचा. तोही दचकून उठला आणि रुळांच्या दिशेनं सुसाट पळाला. मी मागे. वीस-पंचवीस पावलांवर तो तोंडघशी पडला. मला वाटलं सोंग करतो. जवळ गेलो तर ओठ निळे पडलेले.

पानठेलेवाल्यानं आणि मी त्याला ऑटोत घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मला विचारलं, "हा काय घेतो?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

आयुष्यात खोटं बरंच बोललो असेन. दुकानदार आहे. पण हे खोटं मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पोराच्या शर्टाची बाही नाकाशी धरली आणि कामाला लागले.

पोरगा वाचला. दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवून नीट समजावलं. या द्रवाची वाफ फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूत पोचायला फार वेळ लागत नाही. झिंग थोडाच वेळ टिकते, म्हणून पुन्हा पुन्हा लागते. आणि ती चढलेली असताना हृदयाचा ताल नाजूक झालेला असतो. अशा वेळी पोर एकदम घाबरलं, जीव खाऊन पळालं, तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं. पहिल्यांदा घेणाराही असा जातो. "याच्यामागे कोणीतरी लागलं असणार," ते म्हणाले. "हाताशी सापडलं तर हळू बोलायचं, मोकळ्या हवेत बसवायचं. धावायचं नाही, मारायचं तर नाहीच."

कोण मागे लागलं होतं, हे मी त्यांना त्या दिवशीही सांगितलं नाही.

तो तीन दिवस दवाखान्यात होता. माझी आई डबा करून द्यायची, मी पोचवायचो. का पोचवत होतो? दया आली म्हणून, असं लिहायला बरं वाटेल. खरं तर पोरगा शुद्धीवर आल्यावर कोणाला काही सांगेल की काय, ही धास्ती होती. त्यानं कोणालाच काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो वरणात पोळी कुस्करून खात असताना मी त्याला मोठ्या तोऱ्यात विचारलं, "कायले घेतं रे असलं?"

तो म्हणाला, "भूक नाही लागत ना मंग." थोडं थांबून म्हणाला, "थंडी नाही समजत. आन् रात्रीले भेव नाही वाटत."

मला वाटत होतं, पोट्टे मजा करतात. पाच रुपयांत माझ्याकडून ते जेवण, गोधडी आणि जागं राहणारं एक मोठं माणूस विकत नेत होते. पाच रुपयांत भाजी-पोळी मिळत नव्हती. हिशेब त्यांचा बरोबर होता. जिन्नस तेवढा विषारी होता, आणि तो माझ्या फळीवर होता.

मी सोलुशन आत नेऊन ठेवलं. ओळखीच्या मेकॅनिकशिवाय कोणाला देणार नाही असं ठरवलं आणि मोठं काम केल्यासारखा वावरू लागलो. आठ दिवसांनी स्टेशनवाला दिसला तो थिनरची चिंधी मुठीत धरून. दुसऱ्या दुकानातून आणलेलं. माझं ते जुनं वाक्य खरं ठरलं होतं, आणि खरं ठरल्याचं काहीच समाधान नव्हतं. फळीवरून वस्तू काढली म्हणजे भूक, थंडी आणि भेव निघत नाही, एवढंही मला ठाऊक नव्हतं.

पुढची वाट त्यानंच दाखवली. एका संध्याकाळी तो पायरीवर उभा राहिला. मला वाटलं ट्यूब मागतो.

"भाऊ, सात रुपये हायेत. ठेवता का तुमच्यापाशी?"

"कायले?"

"रात्रीले मोठे पोट्टे हिसकतात. म्हून मी संध्याकाळीच सोलुशन घेऊन टाकतो. गेले तं गेले."

पैसे साठवायला जागा नाही म्हणून ते अंधार पडायच्या आत खर्चावे लागतात, आणि रात्र घालवायला सगळ्यात स्वस्त काय मिळतं ते आपण पाहिलंच. मी बी.कॉम. झालेला माणूस. दुकानाच्या पायरीवर हे अर्थशास्त्र एक अनवाणी पोर मला सांगत होतं. मी खतावणीत नवं पान काढलं. नाव विचारलं तर त्यानं तीन वेगवेगळी सांगितली. शेवटी 'स्टेशनवाला' लिहिलं, जमा ७.

आईला हे सांगितलं. तेव्हाच, कसं कोण जाणे, तीनची ट्यूब पाचाला देत होतो हेही तोंडून निघून गेलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "आधी त्याचे ते दोन दोन रुपये वापस कर," म्हणाली, "मंग ठेव त्याचे पैसे."

किती ट्यूबा नेल्या त्याचा हिशेब कुठे होता? अंदाजानं चाळीस रुपये त्याच्या पानावर मांडले आणि त्याला सांगितलं. हे सांगताना मान खाली गेली होती. तो हसला. "आमाले मालूम होतं ना भाऊ. पण बाकीचे शिव्या देत, तुमी नव्हते देत."

ते माझं चांगुलपण होतं. तेवढंच.

पौष महिन्यात दर रविवारी ऋणमोचनला जत्रा भरते. पूर्णेच्या काठी मुद्गलेश्वराचं देऊळ आहे. तिथं स्नान केलं की ऋण फिटतं, असं आमच्याकडे मानतात. आई दर वर्षी जायची. त्या वर्षी स्टेशनवाल्यालाही घेतलं. ऋणमोचनची जत्रा ही गाडगेबाबांची जुनी जागा. तिथं त्यांनी झाडलोट केली, अन्नदान केलं, यात्रेकरूंसाठी घाट बांधवून घेतला. घाटावर बसून आईनं त्याला बाबांची गोष्ट सांगितली. जन्म १८७६ चा, शेंडगावचा, म्हणजे आमच्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातला. नाव देबू. वडील झिंगराजी दारूपायी गेले, घरदार गेलं. देबू आठ वर्षांचा. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या घरी गुरं राखत तो वाढला. पुढे त्याला मुलगी झाली. बारशाला जातभाईंना दारू-मटण घालायचं, ही रीत. त्यानं साफ नकार दिला आणि गोडाचं जेवण घातलं.

माझ्या मनात होतं की पोरानं यातून काहीतरी घ्यावं. दारू वाईट, नशा वाईट. तो पाण्यात खडे टाकत ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "त्याइले मामा होता ना पण."

आई गप्प झाली. मीही. वर्षानुवर्षं त्या फोटोला उदबत्ती लावत होतो, पण झिंगराजी वारल्यानंतर देबूला दापुऱ्याचं दार उघडं मिळालं, त्या दाराकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. स्टेशनवाल्याच्या बापाची कथाही वेगळी नव्हती, हे मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. बाप पिऊन मारायचा, आई एका हंगामात वीटभट्टीवर गेली ती परतली नाही. फरक मामाचा होता.

यानंतर मी जे केलं ते माझ्या मूर्खपणाच्या खात्यात आहे. मला घाई झाली. दूरच्या शहरातल्या एका संस्थेत त्याला पोचवून आलो. त्याला नीट विचारलंही नाही. गावात चार लोकांना सांगून मोकळा झालो, लोक पाठीवर थाप मारू लागले, ती थाप मला आवडली. अकराव्या दिवशी तो परत फलाटावर, मुठीत चिंधी. मी त्याला सगळ्यांदेखत फाडफाड बोललो. "माह्यं नाक कापलंस," म्हणालो. त्याच्या जिवाचं राहिलं बाजूला, मला माझ्या नाकाची पडली होती.

तो एवढंच म्हणाला, "तिथं वयखीचं कोनी नव्हतं, भाऊ."

पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्या पंधरा दिवसांत वाचनालयातून अनिल अवचटांचं 'गर्द' आणलं. ते ब्राउन शुगरबद्दलचं, मोठ्या शहरांतलं, आणि आमचं प्रकरण पाच रुपयांचं. तरी वाचत गेलो. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्याला मुक्तांगण सुरू केलं, हे ऐकून होतो. तिथं घसरून पुन्हा आलेल्यालाही दार उघडतात, हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. घसरणं हा या आजाराचाच भाग आहे, आणि मी आजारी पोराला आजाराबद्दल शिक्षा करत होतो. सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. पहिल्या दिवशी मागे कोण धावलं होतं, तेही सांगितलं. ते म्हणाले, "अंदाज होता." मग म्हणाले की या नशेवर द्यायला खास असं औषध नाही. जेवण, झोप, रोज भेटणारं एक माणूस आणि वेळ.

चारही गोष्टी औषधाच्या दुकानात मिळत नाहीत, आणि चारही माझ्याकडे होत्या.

त्यानंतरची दीड-दोन वर्षं सांगण्यासारखी फार नाहीत. रोज तेच. दुपारी घरून एक डबा जास्त यायचा. रात्री मागच्या खोलीत निजायला पोतं आणि गोधडी. थिनरचे डबे आधी तिथून हलवले. पंक्चर काढायचं काम त्याला शिकवता येणार नव्हतं, कारण त्या कामातच ती वस्तू. मग तो माझ्याशेजारी बसून मोजमाप करायचा, छर्रे डझनावारी वेगळे करायचा. आकडे तो स्वतःच्या खात्यावरून शिकला. रोज पान उघडून बेरीज तपासायचा. एकदा त्यानं माझी चूक काढली, चार रुपयांची. अक्षरं आईनं शिकवली. महिना महिना तो चिंधीला हात लावायचा नाही, मग एखाद दिवशी डोळे लाल दिसायचे. मी हळू बोलायला शिकलो होतो. मला ते त्याच्यापेक्षा जास्त जड गेलं.

त्याच्यामागून इतर पोरं आली. "भाऊ, आमचं बी खातं काढा." पाच-सहा पानं झाली. सगळ्यांचं बरं झालं नाही. एकाला आम्ही सकाळी रुळांजवळ पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. त्याच्या पानावर ९ रुपये होते. ते काय करायचे हे मला कोणी सांगू शकलं नाही.

रस्त्यावर एकटं सापडलेल्या मुलासाठी १०९८ हा नंबर मुंबईत १९९६ पासूनच सुरू झाला होता. मला तो कितीतरी वर्षांनी कळला. २०१२ मध्ये सरकारनं बाटलीतल्या व्हाइटनरच्या विक्रीवर बंदी आणली, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आली. सोलुशन आणि थिनर मात्र हार्डवेअरच्या फळीवर उघडे राहिले. मग २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्सचा देशभराचा अहवाल आला. पेपरात आकडे वाचले. इतर प्रत्येक नशेत मोठ्यांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त. हुंगायच्या द्रवांमध्ये तेवढं उलटं. १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. मदतीची गरज असलेली मुलं देशभरात साडेचार लाखांच्या वर. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. मोठा माणूस देशी घ्यायला गुत्त्यावर जातो. पोर माझ्याकडे येतं.

२००६ च्या दिवाळीनंतर स्टेशनवाला एका सकाळी अंघोळ करून, केस विंचरून समोर उभा राहिला. मूर्तिजापूरकडून कोणीतरी त्याला सांगितलं होतं की त्याची आई बडनेऱ्याच्या बाजूला एका भट्टीवर दिसली. खरं-खोटं मलाही माहीत नव्हतं. मी म्हणालो, मी येतो सोबत. तो नको म्हणाला. या वेळी मी त्याचं ऐकलं. ते बरोबर केलं की चूक, हे आजही ठरवता येत नाही.

खात्यावर १६३ रुपये होते. मी सगळे काढून समोर ठेवले. त्यानं शंभर घेतले, बाकीचे माझ्याकडे सरकवले.

"राहू द्या. वापस आलो का लागतीन."

आई त्याच्या डब्यात पोळ्या बांधत होती. शकुंतला शिट्टी देत आली. तो चालत्या गाडीत चढला, तसे सगळेच चढायचे.

तो परत आला नाही. मी बडनेऱ्याला तीनदा जाऊन आलो, भट्ट्यांवर विचारलं. आई २०१३ मध्ये गेली. शेवटच्या आजारपणात तिनं दोनदा विचारलं, "त्याचं काही समजलं का?" पुढे शकुंतलाही बंद पडली.

या गावातल्या हार्डवेअर, पेंट आणि स्टेशनरीच्या दुकानदारांशी मी बोलत आलो आहे. चौघांनी ऐकलं, दोघं अजून म्हणतात, मी नाही दिलं तर दुसरा देईल. त्यांच्याशी मी भांडत नाही. ते वाक्य मीच त्यांच्या आधी वापरलेलं आहे. तुमचं असं दुकान असेल, आणि सायकल नसलेलं पोर ट्यूब मागायला आलं, तर त्याच्यावर ओरडू नका. बसवा, जेवलं का विचारा. आणि १०९८ लावा, तो आजही लागतो.

दुकानात आता मुलगा बसतो. खतावण्या कॉम्प्युटरवर गेल्या, जुन्या रद्दीत दिल्या. ती एक वही गल्ल्याखाली ठेवली आहे. कोणी येऊन स्टेशनवाला म्हणून सांगितलं तर काय करायचं, हे मुलाला सांगून ठेवलं आहे. पानावर ६३ रुपये जमा आहेत.